उन्हाळी क्रीडा शिबिर: ‘काही बरेवाईट झाल्यास मंडळ जबाबदार नाही’ असं पालकांकडून लिहून घेतलं तर ते टिकतं का?

मंडळाचा_चिटणीस (सांगली)

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळातर्फे मे महिन्यात १५ दिवसांचं क्रीडा शिबिर घ्यायचं ठरलंय. वय ८ ते १४, मुलं-मुली मिळून साधारण ६०. कबड्डी, खो-खो आणि फुटबॉल. वेळ सकाळी साडेसहा ते साडेआठ, जागा विश्रामबागेतल्या एका शाळेचं मैदान. फी ६०० रुपये, त्यात टी-शर्ट आणि रोज केळं-दूध. शिकवायला दोघे मानधनावर, बाकी मंडळाचीच पोरं.

मैदान देताना शाळेने अट घातली की सगळ्या पालकांची हमीपत्रं घ्या आणि मंडळानेही शाळेला एक हमीपत्र लिहून द्या. एका सभासदाने नेटवरून मजकूर उतरवून आणलाय: “माझ्या पाल्यास शिबिरात कोणतीही इजा, अपंगत्व अथवा मृत्यू आल्यास मंडळ, पदाधिकारी, प्रशिक्षक किंवा शाळा जबाबदार राहणार नाही. मी व माझा पाल्य याबाबत कोणत्याही न्यायालयात दाद मागणार नाही.”

निम्मे म्हणतात हे ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून घेऊ. निम्मे म्हणतात ‘मृत्यू’ हा शब्द वाचूनच पालक पोरं पाठवायचे नाहीत.

म्हणून विचारतोय. असं लिहून घेतलं तर कोर्टात चालतं का? स्टॅम्प-नोटरीची गरज आहे का? बरीच पोरं सुट्टीला आजोळी आलेली असतात, त्यांच्या फॉर्मवर मामाची किंवा आजोबांची सही चालेल का? आणि शेवटच्या रविवारी पोरांना कृष्णेवर पोहायला न्यायचं काहींच्या डोक्यात आहे, ते याच कागदात बसवता येईल का?

---

दिवाणी_मिरज

चिटणीससाहेब, तुमच्या मजकुरातलं शेवटचं वाक्य आधी खोडा. ‘न्यायालयात दाद मागणार नाही’ हे लहान मुलांचं सोडा, दोन मोठ्या माणसांनी आपसात लिहून घेतलं तरी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २८ खाली रद्दबातल आहे. कायद्याने मिळालेला हक्क कोर्टात मागण्यापासून माणसाला पूर्णपणे रोखणारा करार चालत नाही.

आता मुलाच्या वतीने केलेली माफी. १८ वर्षांखालच्या, म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘अज्ञान’ व्यक्तीला करारच करता येत नाही (त्याच कायद्याचं कलम ११), आणि अज्ञानाचा करार मुळातूनच शून्य असतो हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सर्वात वरचं अपील न्यायालय) १९०३ साली मोहरी बिबी प्रकरणात सांगून ठेवलंय. मग आईवडिलांनी त्याच्या वतीने सही केली तर? हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ चं कलम ८ पाहा. नैसर्गिक पालकाला मुलाच्या हिताच्या, गरजेच्या आणि वाजवी गोष्टी करण्याचा अधिकार आहे, पण वैयक्तिक बंधनाचा करार करून तो मुलाला बांधू शकत नाही. मुलाचा हात मोडला तर भरपाई मागायचा हक्क मुलाचा आहे. तो बापाने आगाऊ सोडून देणं मुलाच्या हिताचं कसं, हे कुठल्याही न्यायाधीशाला पटवता येणार नाही. निष्काळजीपणाला आधीच माफी देणारं कलम, तेही लहान मुलाच्या जिवाबाबत, सार्वजनिक धोरणाच्या विरोधात म्हणून करार कायद्याच्या कलम २३ मध्येही अडकतं.

दुसरी गोष्ट मंडळं सहसा लक्षात घेत नाहीत. मुदत कायदा, १९६३ च्या कलम ६ आणि ८ मुळे अज्ञानाच्या दाव्याची मुदत तो सज्ञान झाल्यावर मोजायला लागतात. नऊ वर्षांच्या मुलीला आज इजा झाली तर ती २१ वर्षांची होईपर्यंत दावा लावू शकते. अपघातानंतर वडिलांना वीस हजार देऊन ‘आता काही तक्रार नाही’ असं लिहून घेतलं तरी प्रकरण मिटलं असं समजू नका. दावा चालू असताना तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२, नियम ७ प्रमाणे कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलाच्या वतीने तडजोडच करता येत नाही.

फी घेताय, म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सुद्धा लागतो. पैसे भरणारे आईबाप आणि सेवा घेणारं मूल, दोघंही ग्राहक ठरतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या प्रकरणात सांगितलंय. ते प्रकरण दवाखान्याचं होतं, पण तत्त्व तेच. नव्या कायद्यात ग्राहक आयोग कुठला हे भरलेल्या पैशावरून ठरतं. फी ६०० असली की भरपाई कितीही मागितली तरी तक्रार जिल्हा आयोगात जाते, आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. मुदत दोन वर्षं. म्हणजे पालकाला वकील, स्टॅम्प, काही न लागता तुमच्याविरुद्ध उभं राहता येतं.

फौजदारीला तर पालकाच्या माफीशी देणंघेणंच नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर कलम १०६(१), पाच वर्षांपर्यंत कैद. गंभीर दुखापत झाली तर कलम १२५, तीन वर्षांपर्यंत. हा खटला सरकार चालवतं.

स्टॅम्पचं म्हणाल तर जे कलम मुळात शून्य आहे ते ५०० च्या कागदावर लिहिलं काय आणि वहीच्या पानावर लिहिलं काय, सारखंच. नोटरी सही कुणाची ते सांगतो, मजकूर कायदेशीर करत नाही. ६० पालकांचे तीस हजार रुपये स्टॅम्पवर घालवण्यापेक्षा विमा काढा.

मंडळाची नोंदणी झालीय का? नोंदणी नसेल तर कायद्याच्या नजरेत मंडळ नावाची वेगळी व्यक्ती नाही. दावा अध्यक्ष, चिटणीस आणि ज्यांनी शिबिर भरवलं त्यांच्यावर व्यक्तिशः येतो.

---

पालक_कुपवाड

मग फॉर्म भरून घ्यायचाच कशाला? एवढं सगळं शून्य असेल तर कागद वाया. शिवाय परदेशात तर सर्रास घेतात, तिथे चालतं मग इथे का नाही?

---

दिवाणी_मिरज

परदेशात एकसारखं नाही, आणि नेटवरचे नमुने बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथे राज्यागणिक कायदा वेगळा. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मेंटर सॉकर क्लबच्या प्रकरणात पालकाची सही मान्य केली. सात वर्षांचा मुलगा सराव संपल्यावर गोलपोस्टला लोंबकळत होता, पोस्ट त्याच्यावर उलटला. क्लब ना-नफा, शिकवणारे स्वयंसेवक, म्हणून कोर्ट क्लबच्या बाजूने गेलं. न्यू जर्सीत २००६ मध्ये एका व्यावसायिक स्केट पार्कबाबत नेमका उलटा निकाल लागला. कोलोरॅडोत २००२ मध्ये कोर्टाने अशी सही नाकारली आणि पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा करून ती परत आणली. इंग्लंडमध्ये १९७७ च्या (आणि ग्राहकांच्या बाबतीत आता २०१५ च्या) कायद्याने धंद्याच्या ओघातल्या निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूची किंवा शारीरिक इजेची जबाबदारी कागदाने झटकताच येत नाही. ओहायोचा मजकूर सांगलीत उतरवून घेतला म्हणून ओहायोचा कायदा येत नाही.

फॉर्म मात्र घ्यायचाच. त्याचं काम निराळं आहे. एक, खेळात जे धोके काळजी घेऊनही राहतात ते पालकाला सांगितले होते याचा पुरावा. कबड्डीत पकड सोडवताना मनगट मुरगळलं तर पालकाला ‘आम्हाला कल्पनाच नव्हती’ म्हणता येत नाही. मैदानात काचेचा तुकडा राहिला आणि पाय चिरला, तर मात्र फॉर्म तुम्हाला वाचवणार नाही. दोन, मुलाची प्रकृती. फॉर्ममध्ये दम्याचा रकाना होता आणि पालकाने ‘नाही’ लिहिलं, तर पुढे त्याला वजन येतं. तीन, उपचाराची परवानगी आणि लागणारे फोन. माझ्या मते तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमका तोच भाग नेटवरच्या मजकुरात नसतो.

शाळेला जे हमीपत्र मंडळ देणार आहे ते मात्र दोन सज्ञान पक्षांमधलं आहे. ते चालतं. त्यात ‘शाळेवर येणाऱ्या कोणत्याही दाव्याची भरपाई मंडळ करील’ असं असेल तर पैसे खरोखर मंडळाच्या खिशातून जातील. सही करण्याआधी एवढं घालून घ्या: ‘मैदानाच्या किंवा इमारतीच्या आधीपासूनच्या दोषामुळे झालेले नुकसान वगळून’. आणि मैदान ताब्यात घेताना दोष लिहून द्या: उघडी शोषटाकी, भिंतीतून आलेल्या सळया, लोंबणारी वीजतार, बोअरवेलचं झाकण. फोटो तारखेसह.

---

लाल_माती

कायद्याचं वकीलसाहेबांनी सांगितलं. मैदानाचं मी सांगतो, कारण पोरं पडतात ती मैदानावर.

कबड्डीची जागा शाळेच्या मैदानावर ‘आहे तशी’ वापरू नका. शाळेचं मैदान वर्षभर तुडवून दगडासारखं झालेलं असतं. वीतभर खणून ढेकळं फोडा, माती चाळून खडे-काचा-खिळे काढा. आदल्या संध्याकाळी पाणी मारा, सकाळी फळी फिरवा. पाणी सकाळी मारलं तर वरची माती निसरडी होते आणि गुडघा फिरतो. मॅट भाड्याने आणणार असाल तर जोड बघा. दोन पट्ट्यांच्या मधे फट राहिली की बोट अडकतं. आणि मॅट सिमेंटवर अंथरून कबड्डी खेळवू नका, वरून मऊ दिसते, आपटल्यावर कळतं.

८ वर्षाचं आणि १४ वर्षाचं पोर एका पकडीत नको. वयावर जाऊ नका, वजन करा. पहिल्या दिवशी काटा आणा आणि आठ-दहा किलोच्या फरकात गट पाडा. साखळी पकड (दोघा-तिघांनी हात गुंफून धरणं) पहिल्या आठवड्यात शिकवूच नका. लहान पोराच्या अंगावर तिघं पडतात आणि खांदा किंवा हसळी (गळ्याजवळचं हाड) जाते. आधी पडायचं कसं ते शिकवा: हात ताठ टेकायचा नाही, खांद्यावरून लोळायचं. मनगट आणि कोपराची मोडतोड बहुतेक ताठ हातावर पडल्यानेच होते. नखं रोज बघा. कडं, बाळी, गळ्यातला दोरा, हातातला कडक बँड काढून घ्यायचा. चष्मेवाल्यांना दोरी लावा, नाहीतर खो-खोत दुसरा गट द्या.

खो-खोचा खांब हा खरा धोका. हलत असेल तर त्या दिवशी खो-खो बंद. वरचं तोंड गुळगुळीत हवं, खिळे नाहीत, फाटलेलं लाकूड नाही. सरावात लहान गटासाठी खांबाला जुनी गादी किंवा फोम गुंडाळून दोरीने बांधा. स्पर्धेत चालत नाही, पण शिबिरात कोण पंच बसलाय? पोल डाइव्ह (खांब धरून झेप घेणं) दहा वर्षाखाली नको.

फुटबॉलचा हलता गोलपोस्ट वकीलसाहेबांनी वर सांगितलाच. इथले बरेचसे पोस्ट पाइप वेल्डिंग करून बनवलेले असतात, पुढे जड, मागे हलके. पोराने आडव्या पाइपला लोंबकळलं की पुढे येतो. मागच्या पाइपवर आणि दोन्ही बाजूंना वाळूची पोती, जमीन धरत असेल तर लोखंडी हुक ठोकून तारेने बांधा. शिबिर सुटलं की पोस्ट तोंडावर पालथा पाडून साखळी लावून ठेवा. संध्याकाळी कॉलनीतली पोरं त्याच मैदानावर येतात, ती तुमच्या यादीत नसतात, पण पोस्ट तुमचा असतो.

माणसं: दहाखालच्या दर १२-१५ पोरांमागे एक मोठं माणूस, वरच्या गटात २० मागे एक. मानधनावरचे दोघे आणि ६० पोरं हे गणित बसत नाही. मंडळाच्या पोरांपैकी १८ पूर्ण झालेलेच जबाबदारीवर धरा. मुलींच्या गटाला बाईमाणूस पाहिजेच, आणि कुठल्याही मोठ्या माणसाने एका पोरासोबत खोलीत एकटं राहायचं नाही, कपडे बदलायच्या जागेतही नाही.

---

दिवाणी_मिरज

शेवटच्या मुद्द्याला जोड. मुलाशी लैंगिक गैरवर्तनाचा काही प्रकार कानावर आला तर पोक्सो (लैंगिक अत्याचारांपासून बालकांचं संरक्षण) कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा. मंडळाची बदनामी होईल म्हणून ‘आपसात बघू’ चालत नाही. कुठल्याही पालकाच्या सहीने हे माफ होत नाही.

---

परिचारिका_ताई

दादा, फॉर्ममध्ये ‘मुलाला काही आजार आहे का? होय/नाही’ एवढंच विचारलंत तर ९० टक्के लोक न वाचता ‘नाही’ वर टिक करतात. नावं घेऊन विचारा: दमा (पंप आणतो का), फिट येते का, जन्मजात हृदयाचा त्रास किंवा झडपेचं ऑपरेशन, साखर, रक्त लवकर थांबत नाही असं काही, कुठल्या औषधाची ॲलर्जी, गेल्या सहा महिन्यांत हाड मोडलंय का, चक्कर येऊन पडलाय का. खेळताना चक्कर येऊन पडलेल्या मुलाला डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, ही गोष्ट हलकी नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं तेही लिहून घ्या. सरकारी वेळापत्रकात ते १० आणि १६ व्या वर्षी असतं आणि १० वर्षांचं बऱ्याच जणांचं राहून गेलेलं असतं.

मे महिन्यातलं ऊन साडेआठलाच चढतं. पाणी ‘मागेल त्याला’ ठेवू नका, दर २० मिनिटांनी खेळ थांबवून सगळ्यांनी प्यायचं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण घालायची, ग्लासात चिमूटभर टाकून उपयोग नाही. पोर गप्प झालं, डोकं दुखतंय म्हणालं, उलटी आली तर सावलीत, कपडे सैल, ओल्या फडक्याने अंग पुसून वारा घाला. बडबडायला लागलं किंवा ओळखेना झालं तर तो उष्माघात. अंगावर पाणी ओतून गार करायला लगेच सुरुवात करा आणि त्याच वेळी १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत गार करणं थांबवायचं नाही.

डोक्याला मार लागला तर त्या दिवशी खेळ संपला, पोर कितीही ‘बरं वाटतंय’ म्हणालं तरी. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, फिट, बाहुली लहान-मोठी, कान किंवा नाकातून पाणी, यातलं काहीही दिसलं तर थेट मोठ्या दवाखान्यात. पालकांना फोन करून आजची रात्र लक्ष ठेवायला सांगा, आणि सांगितलं ते वहीत लिहा.

खो-खोत दात पडतात. कायमचा दात पूर्ण निघाला तर मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही, शक्य असेल तर खाचेत परत बसवायचा, नाहीतर थंड दुधात टाकून अर्ध्या-पाऊण तासात दंतवैद्याकडे. दूध तुमच्या शिबिरात रोज असतंच! दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

हाड मोडल्याची शंका असेल तर पुठ्ठा आणि कापडाने आहे त्या स्थितीत बांधा, ओढून सरळ करू नका, आणि खायला-प्यायला देऊ नका. भूल द्यावी लागली तर पोट रिकामं लागतं.

आता परवानगीचं. जीव धोक्यात असेल तर कुठलाही दवाखाना कागद बघत थांबत नाही, तसा सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा परमानंद कटारा निकालच आहे. अडतं ते मधल्या प्रकारांत. हात मोडलाय, भूल देऊन बसवायचाय, पोर स्थिर आहे, तिथे दवाखान्याला आई किंवा वडील लागतात. म्हणून फोन दोन घ्या आणि त्यातला एक सकाळी साडेसहा ते दहा या वेळेत उचलला जाणारा हवा. कुपवाड एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलेल्या बापाचा फोन गेटवर जमा असतो. शेतात असलेल्या माणसाचा फोन मोटारीच्या पेटीजवळ असतो. तिथे शेजारच्यांचा किंवा काकांचा नंबर कामाला येतो.

---

मंडळाचा_चिटणीस (सांगली)

ताई, वकीलसाहेब, सर, खूप आभार. ‘होय/नाही’ चा फॉर्म आमचाही तसाच होता. दोन गोष्टी राहिल्या: आजोळची पोरं आणि नदी. आणि विमा नेमका कुठला मागायचा?

---

सातारकर_भाऊ

नदीचं डोक्यातून काढून टाका. पोहणं हा निराळा खेळ आहे, त्याला जीवरक्षक लागतात, आणि कबड्डी शिकवणारा माणूस जीवरक्षक नसतो. मे महिन्यात कृष्णा संथ दिसते, पण बंधाऱ्याच्या वर पाणी खोल आणि कोयनेतून सोडलं की पातळी बदलते. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ. त्यात भिलवडी, औदुंबर, ब्राह्मणाळ या पट्ट्यात मगरींचा वावर आहे, हे सांगलीकरांना मी काय सांगू.

कायद्याच्या अंगानेही बघा. १९९५ मध्ये पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली आणि १४ मुलं बुडाली. शिक्षकांवर खटला झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येक मुलामागे ५ लाखांची भरपाई कायम केली. त्या काळातले ५ लाख. सहलीला पालकांनी मुलं स्वतःच पाठवली होती, तरी शिक्षकांची जबाबदारी सुटली नाही. पोरांना पाण्याची हौस असेल तर जीवरक्षक असलेल्या तलावावर, वेगळ्या संमतीने, वेगळ्या दिवशी न्या.

विम्याचं: सर्वसाधारण विमा कंपनीकडे दोन वेगळ्या गोष्टी मागा. पहिली ‘समूह वैयक्तिक अपघात’, मुलांच्या नावांची आणि जन्मतारखांची यादी जोडून. यात नुसता मृत्यू आणि अपंगत्व असतं, म्हणून ‘अपघाती वैद्यकीय खर्च’ ही पुरवणी मागून घ्या, कारण शिबिरात होतं ते मनगट आणि दात. एजंट ‘आठवड्याची भरपाई’ हे कलम विकायला बघेल. ते बुडालेल्या कमाईचं असतं, पोरांना त्याचा काय उपयोग? दुसरी ‘सार्वजनिक दायित्व’, म्हणजे मंडळावर कुणी दावा लावला तर त्यासाठी. त्यात शिकणारी मुलं ‘तिऱ्हाईत’ म्हणून धरली आहेत की वगळली आहेत ते लेखी विचारा. वगळली असतील तर ती पॉलिसी तुमच्या कामाची नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आलेल्या पोरांची नावं पुरवणी यादीने चढवल्याशिवाय त्यांना संरक्षण नाही. सगळ्यात जास्त इथेच फसतं.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा आहे, पण वय १८ ते ७०. पोरांना नाही, तुमच्या प्रशिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना काढा. शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी राज्य सरकारची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह योजना आहे, अर्ज मुख्याध्यापकांमार्फत जातो. पालकांना तेवढी माहिती द्या.

---

दिवाणी_मिरज

आजोळची पोरं. मामा, आजोबा, आत्या हे कायद्याने पालक नव्हेत, मूल महिनाभर त्यांच्याकडे असलं तरी. आईची सही मात्र पूर्ण चालते. ‘वडिलांचीच हवी’ हा समज सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या गीता हरिहरन निकालानंतर सोडून द्या. आई-वडील पुण्या-मुंबईला असतील तर कोरा फॉर्म व्हॉट्सॲपवर पाठवा. त्यांनी तो छापून, सही करून, फोटो स्वतःच्या नंबरवरून परत पाठवावा. तो संदेश तारखेसह छापून फॉर्मला टाचा. मामाची सही वेगळ्या रकान्यात: ‘ने-आण करणारी व्यक्ती’.

मजकूर असा ठेवा, एका पानात, मोठ्या अक्षरात. जत भागातले पालक असतील तर कानडी प्रतही काढा, समजलंच नाही तर संमती कसली.

“मी ………, चि./कु. ……… (जन्मतारीख ………) यांचे वडील/आई. शिबिरात कबड्डी, खो-खो व फुटबॉल शिकवले जाणार असल्याचे मला सांगण्यात आले आहे. या खेळांत पडणे, खरचटणे, मुरगळणे, नाका-दातास मार बसणे व क्वचित हाड मोडणे असे प्रकार योग्य काळजी घेऊनही घडू शकतात याची मला कल्पना आहे. हे समजून मी पाल्यास भाग घेण्याची संमती देत आहे. ही संमती आयोजकांच्या निष्काळजीपणास लागू नाही.

पाल्याच्या प्रकृतीची मागील बाजूस दिलेली माहिती खरी आहे. शिबिराच्या काळात त्यात बदल झाल्यास मी कळवेन.

इजा झाल्यास प्रथमोपचार करण्यास, पाल्यास जवळच्या रुग्णालयात नेण्यास व माझ्याशी संपर्क होईपर्यंत आवश्यक तातडीचे उपचार सुरू करण्यास माझी परवानगी आहे.

पाल्यास फक्त पुढील व्यक्तींच्या ताब्यात द्यावे: ………, ………. पाल्य एकटा/एकटी घरी येईल: होय / नाही.

पाल्याचे फोटो मंडळाच्या समाजमाध्यमांवर टाकण्यास संमती: आहे / नाही.”

‘निष्काळजीपणास लागू नाही’ हे वाक्य बघून सभासद ओरडतील. ओरडू द्या. ते वाक्य नसलं तरी निष्काळजीपणाची माफी तुम्हाला मिळणारच नव्हती. ते असल्याने पालक बिनधास्त सही करतो, आणि उद्या कोर्टापुढे कागद गेला तर मंडळाने लपवाछपवी केलेली दिसत नाही. फोटोची संमती वेगळीच ठेवा, नाही म्हणणाऱ्या मुलाला शिबिरातून काढता येणार नाही अशी. मुलांच्या डिजिटल माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल अशी तरतूद २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आहे, म्हणून आतापासून सवय लावलेली बरी.

---

लाल_माती

फॉर्म कपाटात ठेवू नका हो. मैदानावर पिशवीत पाहिजे. सगळ्यांचे कार्यालयात आणि पोर मैदानावर पडलेलं, असं होतं. एक काम करा: पाठीमागची प्रकृतीची माहिती आणि दोन फोन एवढंच काढून एका वहीत नावाप्रमाणे उतरवा, दम्याच्या आणि फिटच्या पोरांपुढे लाल खूण. वही प्रथमोपचाराच्या पेटीत. ज्या पोराला पंप लागतो त्याचा एक पंप नाव लिहून पेटीतच.

---

मंडळाचा_चिटणीस (सांगली)

सर, वही लगेच करतो. नदी रद्द, मी आजच सांगतो. वकीलसाहेब, हे फॉर्म शिबिर संपल्यावर किती दिवस सांभाळायचे? आमच्याकडे गणपतीच्या पावत्यांनी कपाट भरलंय.

---

दिवाणी_मिरज

ज्यांना काहीच झालं नाही त्यांचे तीन वर्षं ठेवा, तेवढ्यात ग्राहक आयोगाची मुदतही निघून जाते. ज्याला इजा झाली त्याची वेगळी फाइल: फॉर्म, त्या दिवशीची हजेरी, कोण शिकवत होतं, काय झालं ते त्याच दिवशी पाच-सहा ओळींत, मैदानाचे फोटो, दवाखान्याच्या कागदांच्या प्रती, विमा कंपनीला कळवल्याची पोच. ती फाइल मूल २१ वर्षांचं होईपर्यंत. घटनेच्या ओळी लिहिताना ‘आमची चूक नाही’ असलं काही लिहू नका. वेळ, जागा, काय दिसलं, काय केलं एवढंच. आणि चिटणीस बदलला की फाइल पुढच्याकडे सही घेऊन द्या.